एक मत हिरवं, एक तांबडं

अंकुश गेल्याचा फोन सकाळी आला तेव्हा मी गोठ्यात शेण भरत होतो. फोन त्याच्या बायकोचा, पुण्याहून. "मामा, संपलं," एवढंच ती बोलली. मी घमेलं खाली ठेवलं, हात धुतले आणि गोठ्याच्या दारातच बसलो. खोटं कशाला सांगू... पहिलं रडू आलं नाही. पहिलं मनात आलं ते हे, की बरं झालं, बोलून घेतलं. माझ्या घरात वाढलेला सख्खा भाचा गेला, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि म्हाताऱ्याच्या मनात पहिला विचार स्वतःच्या सुटकेचा. पण तसं झालं खरं. तो जाण्याच्या तीन आठवडे आधी आमचं ते बोलणं झालं नसतं तर आज मी हे लिहायला बसलो नसतो, तोंड लपवून बसलो असतो. आता सव्वा महिना झाला. रडूही येऊन गेलं. शोकसभेत मोठ्या लोकांनी त्याच्या कंपनीचं सांगितलं, सरपंचकीचं सांगितलं, सगळं खरं होतं. माझ्याकडं जे आहे ते त्यांच्याकडं नव्हतं, म्हणून लिहितो.

आमचं गाव राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या अलीकडं. माझी धाकटी बहीण तारा. तिचा नवरा काविळीनं गेला आणि सहा वर्षांच्या अंकुशला घेऊन ती माहेरी आली. आम्हा नवरा-बायकोला मूल नव्हतं. माझी बायको हौसा. तिनं त्या दिवशी अंकुशला जे मांडीवर घेतलं ते शेवटपर्यंत खाली ठेवलंच नाही म्हणा. पोरगं अंगानं किडकिडीत, पण डोक्यात सगळं नीट मांडून ठेवायची खोड. तेव्हा गावची गुरं डोंगराला चरायला जायची आणि संध्याकाळी कुणाची कालवड कुणाच्या गोठ्यात यावरून बायकांची भांडणं लागायची. ह्यानं आमच्या मागच्या भिंतीवर कोळशानं सगळ्या गावची गुरं लिहून काढली. कुणाचं, रंग कसला, शिंग कुठलं मोडकं. भिंत खराब केली म्हणून मी त्याला एक ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी शेजारीण आली ती भिंत बघायला, आणि भांडण मिटवून गेली. मग मी ती भिंत दोन दिवाळ्या सारवू दिली नाही. तेवढंच काय ते मी त्याचं कौतुक केलं. तोंडानं कधी केलं नाही, आमच्यात तशी पद्धत नव्हती.

पुढं तो भोरला शिकला, मग पुण्याला गेला, कॉम्प्युटर शिकला आणि पाच-सात वर्षं दुसऱ्याकडं राबून स्वतःची कंपनी काढली. मी तिथं एकदाच गेलो. पोरंपोरी काचेकडं बघत बसलेली, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी त्याला हळूच म्हणालो, "अरं, हितं कोण मेलंय का?" तो इतका हसला की सगळ्यांनी माना वर केल्या. मी विचारलं, तुमी करता तरी काय? तर म्हणाला, "मामा, मोठमोठी गोदामं असत्यात. कुठला माल कुठं ठेवलाय ह्ये मालकाला बी ठावं नसतंय. ते आमचं सॉफ्टवेअर सांगतंय. आपल्या माळ्यावर पन्नास गाडगी हाईत, कशात काय हाय तुमास्नी सांगता येतंय का?" मी म्हणालो, न्हाई बा, ते तुझ्या मामीला ठावं. "मंग झालं तर. माझी कंपनी म्हंजी मामी." हे मी घरी येऊन हौसाला सांगितलं तर ती आठ दिवस फुशारली होती. "माझ्या नावाची कंपनी हाय पुण्याला," असं पाणी भरताना बायकांना सांगायची.

पन्नाशीच्या जरा आधी त्यानं कंपनी भागीदाराच्या हवाली केली आणि राजकारणात पडला. लोक म्हणतात समाजसेवेची आवड होती. तसलं काही नव्हतं. तारा गेली तेव्हा तिच्या दिवसकार्यासाठी तो गावात पंधरा दिवस राहिला. त्या पंधरा दिवसांत पंचायतीचा माणूस रजिस्टर घेऊन घरी आला आणि मला म्हणाला, ग्रामसभा झाली, सही करा. मी केली. अंकुश पडवीत बसला होता. "मामा, सभा कवा झाली?" मी म्हणालो, "झाली असंल की." "तुमी गेला हुता?" "न्हाई." "मंग सही कशी केली?" मी म्हणालो, "सगळीच करत्यात." त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जशी काही मी त्याची ती गुरांची भिंतच पुसली होती. पुण्याला गेला तरी त्याच्या डोक्यातून ते गेलं नाही. दर आठवड्याला फोन करून एकच विचारायचा, सभा झाली का? मी म्हणायचो, सही झाली.

आता जे मला सांगायचं आहे ते. पंचायत समितीची निवडणूक लागली. आमच्या भावकीतला रामभाऊ उभा राहणार हे ठरलेलं होतं. दिवेलागणीला खंडोबाच्या देवळात सगळी भावकी बोलावली आणि ताटात बेल आणि भंडारा ठेवला. आमच्याकडं बेलभंडारा उचलला म्हणजे शब्द संपला. घरातल्या कर्त्यानं उचलायचा, आणि त्याच्या घरची सगळी मतं त्या शब्दात बांधली जायची. मोडला तर गुरंढोरं, पोरंबाळं, कशावर येईल सांगता येत नाही असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. मीही उचलला. रामभाऊ माणूस काही वाईट नव्हता, आणि दुसरा कोण उभा आहे हे तरी कुठं ठावं होतं? तिसऱ्या दिवशी अंकुश गाडी घेऊन दारात. हौसाच्या पाया पडला, माझ्या पडला आणि म्हणाला, "मामा, म्या फॉर्म भरतोय. अपक्ष." माझ्या हाताला अजून भंडारा लागलेला असावा तसं झालं. मी हात पाठीमागं घेतला.

त्याच वेळी सांगितलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. दोन शब्द झाले असते. पण मी म्हणालो, "बरं केलंस." आणि त्याच संध्याकाळी हौसाला दुसऱ्या कुणाकडून तरी कळलं. ती भाकरी थापता थापता थांबली.

"तुमी बेलभंडारा उचलला?"

"सगळ्या भावकीनं उचलला."

"मला इचारलं हुतं?"

"तुला काय इचारायचं त्यात? घरचा शब्द असतोय त्यो."

"घरचा व्हय? मंग म्या काय शेजारची हाय?" ती म्हणाली. "भंडारा तुमच्या हाताला लागलाय, माझ्या न्हाई. तुमी तुमचा शब्द पाळा, म्या अडवत न्हाई. माझं मत माझ्या अंकुशला. खंडोबानं इचारलं तर त्याच्या तोंडावर सांगीन." आणि परत भाकरी थापायला लागली. मी म्हणालो, आगं, काय व्हायचं म्हंजी काय व्हईल. ती म्हणाली, "द्येव काय तुमच्या भावकीसारखा हलक्या कानाचा हाय का?"

अंकुशनं प्रचार केला तो सगळा त्याच्या रीतीनं. मोबाईलमध्ये आमच्या गणातली, म्हणजे मतदारसंघातली, घरं न् घरं भरली होती. आपलं मत हिरवं, समोरच्याचं तांबडं, आणि ज्याचा भरवसा नाही ते पिवळं. पुण्याहून दोन पोरी आणल्या होत्या, त्या घरोघर जाऊन टिपून आणायच्या. लोकांनी त्यांना चहा पाजला आणि सगळ्यांनीच हिरवं सांगितलं. आमच्याकडं दारात आलेल्याला नाही म्हणत नाहीत हे त्या पोरींना कुठलं कळायला! आणि अंकुशला कळायला हवं होतं, पण तो पुण्यात राहून विसरला होता. एकदा पडवीत चार माणसांत त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. "मामा, बगा आपलं घर." दोन टिंबं होती, दोन्ही हिरवी. तो मला विचारत नव्हता, दाखवत होता. सगळ्या गणात हजार उंबरे झिजवले त्यानं, पण ह्या एका घराला मत मागितलं नाही. मी म्हणालो, "बरं हाय." एवढं बोलून बैलाला पाणी दाखवायच्या निमित्तानं उठलो. बैल नुकताच पाणी पिऊन आला होता.

विरोधकही बोलायचे. "भाचा हाय त्यो, गावकरी न्हाई. भाच्याला जेवू घालावं, धोतर न्हाईतर कापड द्यावं, गाव देऊ नये." हे ऐकून माझं रक्त उसळायचं. पण उसळून मी काय करणार होतो? मतदानाच्या दिवशी मी शाळेत गेलो, मशीनपुढं उभा राहिलो. अंकुशचं नाव होतं, शेजारी चित्र होतं. कुणी बघत नव्हतं. मी रामभाऊचं बटण दाबलं आणि मशीन ओरडलं. ते ओरडणं बाहेर रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं, पण कुणासाठी ओरडलं ते माझं मलाच ठावं. माझ्यामागं हौसा आत गेली. पुन्हा तसंच ओरडलं.

अंकुश पडला. लई मतांनी नाही, पण पडला, आणि आमच्याच गावात मागं पडला. निकाल लागल्यावर तो कार्यकर्त्यांबरोबर गेला नाही, सरळ आमच्याकडं आला. हौसानं पिठलं केलं होतं. जेवता जेवता म्हणाला, "मामा, आपल्या गावानंच दगा दिला." आणि मी काय करावं? मी भावकीला शिव्या घातल्या. नाव घेऊन घातल्या. असली भावकी, तसली भावकी, तोंडावर गोड आन पोटात इख... हौसा चुलीपुढून माझ्याकडं नुसती बघत होती. ते बघणं मी विसरलो नाही. मत दुसऱ्याला दिलं त्याचं मला एवढं लागलं नाही, शब्दच दिला होता. पण त्या शिव्या कुणी सांगितल्या होत्या?

महिनाभर तो पुण्यात जाऊन बसला. सगळ्यांना वाटलं, आता हा तिथंच राहील. राहिला नाही, परत आला. तालुक्याचं सोडून गावाच्याच मागं लागला. त्यानं चुकाही केल्या, नाही असं नाही. एकदा मोबाईलवर तक्रार सांगायची सोय केली. वरच्या धनगरवाड्यावर जाऊन समजावून सांगितलं, इथं बोट लावा, तिथं बोट लावा. तिथली एक म्हातारी म्हणाली, "साहेब, रेंज धरायला डोंगराच्या माथ्याला जावं लागतंय. तेवढ्यात म्या खाली येऊन तुमाला तोंडानंच सांगीन की." त्यानं खाली आल्यावर ते सगळं बंद केलं आणि आठवड्यातला एक दिवस स्वतः वर जायला लागला, चालत. चप्पल तुटायची, गुडघे सुजायचे. पण त्या वाड्याला पाण्याची टाकी आली ती त्या चालण्यानं आली, मोबाईलनं नाही. हे तो स्वतःच सांगायचा आणि हसायचा. पुढच्या खेपेला तो सरपंचकीला उभा राहिला. त्या वेळी कुणी बेलभंडाऱ्याचं ताट काढायच्या आतच मी चार माणसांत सांगून टाकलं, ह्या टायमाला माझा हात खिशात हाय. मत त्याला दिलं, उघड दिलं. निवडून आला. ग्रामसभेला माणसं जमेपर्यंत तो पायरीवर बसून राहायचा, सभा भरल्याशिवाय रजिस्टर उघडू द्यायचा नाही. एकदा माणसं जमली नाहीत म्हणून ओळीनं तीन वेळा सभा मोडली, तीनही वेळा कोरं रजिस्टर ठेवलं. लोक वैतागले, आणि चौथ्या वेळी वैतागूनच आले.

पण माझं आतलं तसंच होतं. दर वेळी वाटायचं, आज सांगू. तो जेवायला यायचा, मी तोंड उघडायचो, आणि निघायचं भलतंच, पावसाचं नाहीतर भाताच्या रोपाचं. दोन वर्षांमागं हौसा गेली. अंकुशनं डोकं भादरलं. कुणीतरी म्हणालं, भाच्यानं करायचं नसतं, तर म्हणाला, माझ्या कंपनीची मालकीण गेली, मला शिकवू नका. तेव्हा तर माझी जीभ पारच बांधली गेली. हौसा असताना निदान एक माणूस होतं ज्याला ठावं होतं. आता ते माझ्या एकट्याच्या पोटात.

मग त्याचा आजार निघाला. पोटातला, वाईट. पुण्यात इलाज चालला होता. शेवटी डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, तर त्यानं गावाकडंच न्या म्हणून हट्ट धरला. आठ दिवस आमच्याकडं होता. पडवीत बाज टाकली होती. एका दुपारी त्याची बायको जरा पडली होती, आम्ही दोघंच. तो डोंगराकडं बघत होता. मी म्हणालो, "अंकुश, एक बोलायचं हाय." तो म्हणाला, "बोला." मी म्हणालो, "पहिल्या निवडणुकीला म्या तुला मत दिलं न्हाई." आणि मग थांबलोच नाही. भंडारा, देऊळ, मशीन, शिव्या, सगळं. मी त्याच्याकडं न बघता, बाजेच्या पायाकडं बघत बोलत होतो. संपल्यावर वर बघितलं तर हा बाबा हसत होता. पोट धरून, दुखत असताना हसत होता.

"मामा," म्हणाला, "सगळ्या गणात माझी यादी चुकली. ज्यानं च्या पाजला त्यो बी तांबडा, पाया पडला त्यो बी तांबडा. एकाच घराची यादी बराबर निघाली."

"कुणाच्या?"

"तुमच्या. एक हिरवं, एक तांबडं. मामीनं मला मतदानाच्या आधीच सांगितलं हुतं. म्या मोबाईलमदी टिंब बदललं, तिच्या म्होरंच."

मला राग आला. मी उठून उभा राहिलो. "आन इतकी वर्सं गप ऱ्हायलास? हितं माझा जीव जातोय आन तू..."

"मामीनं शपथ घातली हुती. तिच्या हातच्या भाकरीची. म्हणाली, त्येंच्या पोटात हाय ते त्येंच्या तोंडानं येऊ दे, तू इचारायचं न्हाई. म्या काय मोडणार हुतो का ती?" मग उशीला टेकला. दम लागत होता. "खरं सांगू का, मला राग आला हुता. लई आला हुता. महिनाभर पुण्यात जाऊन बसलो ते त्याच्यापायी. मंग ध्यानात आलं, म्या हजार उंबरं झिजवलं, तुमचा न्हाई झिजवला. फॉर्म भरायच्या आधी एक फोन करून इचारलं असतं, मामा, उभा ऱ्हाऊ का... तर तुमी देवळात गेलाच नसता."

"न्हाई गेलो असतो," मी म्हणालो.

"तुमी मामीला इचारलं न्हाई, म्या तुमास्नी इचारलं न्हाई. घराणंच तसलं."

मी खाली बसलो. अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखं हलकं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. मी विचारलं, "मंग सोडलं का मला?"

"मताचं कवाच सोडलं. त्या भावकीला शिव्या घातल्या ते काय सोडत न्हाई. पिठलं घशाखाली उतरंना माझ्या, इतकं हसू दाबावं लागलं." आणि पुन्हा हसला, आणि मीही. त्याची बायको जागी होऊन आली, काय झालं म्हणून. आम्ही दोघांनी सांगितलं नाही.

दुखणं सोसेना म्हणून त्याला परत पुण्याला नेलं, आणि त्या दुपारनंतर तीन आठवड्यांनी तो गेला. मी पुण्याला गेलो, त्याला बघितलं. चेहरा शांत होता असं लोक म्हणतात, तसं मी म्हणणार नाही. आजारानं खाल्लेला चेहरा होता. पण मला त्या चेहऱ्याकडं नीट बघता आलं. त्या दुपारच्या आधी आलं असतं मरण, तर मी पायांकडंच बघत उभा राहिलो असतो.

परवाच्या सोमवारी भावकीतली चार माणसं आली. सरपंचाची जागा रिकामी झालीय, पोटनिवडणूक लागेल, उमेदवार ठरवलाय, गुरुवारी देवळात या म्हणाले. उमेदवार चांगला आहे, मला पसंतही आहे. मी त्यांना चहा दिला आणि म्हणालो, "आधी घरात इचारतो, मंग सांगतो." त्यातला तरणा होता तो हसला. "तात्या, घरात कोण हाय आता?"

"म्या हाय की," मी म्हणालो. "मलाच इचारावं लागंल."

ते गेले. मी कप विसळले आणि पडवीत जाऊन बसलो.